धुलाईयंत्राची कळ कोणाच्या हाती?

दसरा-दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांची पहिली पाने गृहोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींनी भरून जातात. त्यांत धुलाईयंत्राचे स्थान आता फार वरचे आहे. काचेसारख्या गुळगुळीत पट्टीवर बोट टेकताच चालू होणारे, मोबाइलवरून हुकूम घेणारे, कपड्यांचे वजन स्वतःच जोखणारे यंत्र हप्त्यांवर घरी न्यावे, असा आग्रह या जाहिराती धरतात. दुकानात मात्र बहुधा मागल्या रांगेत दोन टबांचे, तीन-चार फिरत्या बटणांचे अर्धस्वयंचलित यंत्रही उभे असते. विक्रेता गिऱ्हाइकाला तिकडे सहसा नेत नाही. नेलेच तर ‘बजेट कमी असेल तर हे बघा’ अशी पुस्ती जोडून नेतो. वस्तुतः टिकाऊपणाचा विचार करणाऱ्या कुटुंबाने प्रथम या मागल्या रांगेकडेच वळावयास हवे.

साध्या यंत्राची बाजू घेणे म्हणजे यंत्राला विरोध करणे नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्या कामात दिवसाकाठी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. धुणे हा त्यातील अत्यंत कष्टाचा भाग. मोरीत उकिडवे बसून चादरी धोपटणे, त्या पिळणे आणि ओल्या कपड्यांची बादली गच्चीपर्यंत नेणे यात काही सात्त्विक सौंदर्य असलेच तर ते पाहणाऱ्याला दिसते. करणारीच्या वाट्याला कंबरदुखी येते. यंत्रांविषयी एवढे साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद केले होते, आणि सिंगरने ते आपल्या पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून घडवले, असे कारण दिले होते. ती कथा इतिहासाला कितपत मान्य होईल हा प्रश्न वेगळा. यंत्र पारखण्याची कसोटी म्हणून ती आजही चालण्यासारखी आहे. धुलाईयंत्र त्या कसोटीला निःसंशय उतरते. प्रश्न एवढाच, की ते यंत्र घरात किती वर्षे आणि कोणाच्या मर्जीने चालावयाचे?

दोन टबांच्या यंत्राच्या पोटात दोन मोटरी असतात: एक धुण्याच्या टबातील चकती फिरवणारी, दुसरी कपडे पिळणारी. प्रत्येकीला एक कपॅसिटर; धुण्याच्या बाजूस रबरी पट्टा आणि दंतचक्रांची पेटी; पिळणीच्या बाजूस ब्रेक, त्याची तार आणि झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच. वर दोन टायमर, खाली पाणी सोडण्याची झडप आणि नळी. संसार एवढाच. कोणता भाग बिघडला हे पुष्कळदा नुसत्या आवाजावरून ताडता येते. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर संशय कपॅसिटरवर. मोटर फिरते पण चकती ढिम्म, तर पट्ट्यावर. पिळणीच्या खालून पाणी झिरपते, तर रबरी सीलवर. गल्लीतला मेकॅनिक पाना, स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर पिशवीत घालून येतो आणि बहुधा एक-दोन फेऱ्यांत काम उरकतो.

नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात सर्व आज्ञा एका सर्किट बोर्डातून जातात. ओलाव्यापासून जपण्यासाठी तो बोर्ड पुष्कळदा राळेसारख्या लेपात बुडवलेला असतो. कारण रास्त आहे. परिणाम मात्र असा, की त्यावरचा एखादा किरकोळ घटक जळाला तरी तो सुटा काढणे दुरापास्त होते आणि गिऱ्हाइकाला संपूर्ण बोर्डाची किंमत मोजावी लागते. विजेच्या दाबाचे चढउतार, कोकणातला पावसाळी दमटपणा, तळातून शिरून तारा कुरतडणारे उंदीर, या आपल्याकडच्या नित्याच्या गोष्टी. त्यांचा पहिला घाव या नाजूक भागांवर पडतो. समोरून उघडणाऱ्या काही यंत्रांत ड्रमभोवतीची टाकी कायमची सांधून टाकलेली असते, त्यामुळे आतले बेअरिंग झिजले की अख्खी टाकीच बदलावी लागते. हमीपत्राची गंमत तर याहून मोठी. मोटरीची दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत छापलेली असते; बोर्डाची हमी सहसा त्याआधी कितीतरी वर्षे संपलेली असते आणि ते लहान अक्षरांत असते. अल्पायुष्य हे नेहमीच तंत्रविद्येच्या मर्यादेतून येत नाही. ज्या वर्षी गांधीजी शिवणयंत्राचे कौतुक करीत होते त्याच १९२४ सालच्या अखेरीस जिनिव्हात दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी करार करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून बसवले होते.

यावर कोणी म्हणेल, की अर्धस्वयंचलित यंत्रापाशी बाईला उभे राहावे लागते, ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकावे लागतात. मग तिचे कष्ट वाचले कोठे? हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता कामा नये. पूर्ण स्वयंचलित यंत्र अधिक वेळ वाचवते. समोरून उघडणारे यंत्र पाण्यातही काटकसर करते. (कपडे दुसऱ्या टबात टाकण्याचे काम घरातल्या पुरुषालाही जमण्यासारखे आहे, ही गोष्ट अलाहिदा.) परंतु स्वयंचलितपणा हवा असेल तर बंदिस्त बोर्ड पत्करलाच पाहिजे, ही समजूत मुळात चुकीची आहे. गेल्या शतकात कित्येक दशके पूर्ण स्वयंचलित यंत्रे दातेरी चकत्यांच्या यांत्रिक टायमरवरच चालत होती. बटण फिरवून ठेवले की पाणी भरणे, धुणे, खळबळणे आणि पिळणे ओळीने पार पडे. म्हणजे कष्टमुक्ती एका बाजूस आणि दुरुस्तीयोग्यता दुसऱ्या बाजूस, अशी निवड निसर्गाने लादलेली नाही. ती कारखानदारांनी ठरवलेली आहे.

आणि महाराष्ट्रापुरता पाण्याचा प्रश्नही या निवडीत येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. जेथे नळ ठरावीक वेळेपुरताच येतो आणि त्याला जोर नसतो, तेथे नळाच्या दाबावर अवलंबून असलेले यंत्र अडून बसते. दोन टबांच्या यंत्रात बादलीने पाणी ओतता येते, आणि पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांना, त्यानंतर पायपुसण्यांना वापरता येते. ही काटकसर बायका कोणाच्या सांगण्यावाचून करीत आल्या आहेत.

टिकाऊपणाचा आणखी एक अर्थ आहे, आणि दुकानातल्या चर्चेत तो कधीच निघत नाही. दुसऱ्यांच्या घरी धुणेभांडी करणारी स्त्री संध्याकाळी स्वतःच्या घरी परतते तेव्हा तिथेही धुण्याचा ढीग तिची वाट पाहत असतो. तिच्या घरी यंत्र आलेच तर ते पुष्कळदा कोणाचे तरी वापरलेले असते. साध्या यंत्राला असा दुसरा जन्म मिळू शकतो: मेकॅनिक ते घेतो, पट्टा व सील बदलतो, थोडक्या किमतीत विकतो आणि पुढेही सांभाळतो. जळालेल्या बोर्डाचे यंत्र या वाटेला लागत नाही. ते भंगारात जाते. तेव्हा सुस्थितीतील कुटुंब जे यंत्र निवडते, त्यावर पुढे आणखी एका घराचे धुणे ठरत असते, आणि मेकॅनिकचे पोटही.

टिकाऊ वस्तू बनवता येते याचा दाखला पूर्व जर्मनीने ठेवला आहे. १९६६ पासून श्वार्त्सेनबेर्गच्या सरकारी कारखान्यात निघालेले ‘डब्ल्यूएम ६६’ हे यंत्र इतके ओबडधोबड आणि इतके दणकट होते, की लोक त्यात पाणी तापवून फळांच्या बरण्याही उकळून घेत. त्या देशात नागरिकाला मोकळेपणी बोलण्याची मुभा नव्हती आणि दुकानांत वस्तूंची चणचण असे. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. ती १९९० साली संपली. तिची कित्येक धुलाईयंत्रे मात्र त्यानंतरही चालत राहिली.

लोकशाही देशांना हेच काम कायद्याने करता येते. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून धुलाईयंत्राच्या मोटर, पंप, बोर्ड आदी सुट्या भागांचा पुरवठा, त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. परंतु सक्ती नाही. दुरुस्ती-निर्देशांकाविषयीचा अहवाल २०२५ साली सादर झाला, त्यात पहिला मान स्मार्टफोन व टॅब्लेटला मिळाला. विजेच्या बचतीचे तारे यंत्रावर चिकटवले जातात. ते किती वर्षे टिकेल आणि त्याचे भाग कोठवर मिळतील, याची पट्टी कोठेच नाही.

तोवर गिऱ्हाइकाला स्वतःच चौकशी करावी लागेल. मोटरीचे वेटोळे तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे? तळ न गंजणारा आहे काय, आणि त्याला उंदरांसाठी जाळी आहे काय? मागचा पत्रा साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो की नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे भरण्यापूर्वी गावातल्या मेकॅनिकला विचारावे, की या नमुन्याचा टायमर आणि दंतचक्रांची पेटी कंपनीवाचून मिळते काय. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकाहून अधिक भरवशाचे असते.

परंतु प्रत्येक कुटुंबाच्या चौकस वृत्तीवर हा प्रश्न सोडून देणे सरकारला शोभणारे नाही. निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात धुलाईयंत्राचा समावेश करावा. सुटे भाग आणि जोडणीचे आराखडे दहा वर्षे कोणत्याही दुरुस्तीकाराला देण्याची सक्ती करावी. बोर्डाची हमी मोटरीइतकीच ठेवण्यास उत्पादकांना भाग पाडावे. नव्या यंत्रावर वस्तू व सेवा कर १८ टक्के, आणि सेवाकेंद्राच्या दुरुस्तीच्या बिलावरही तेवढाच. यातला दुसरा दर खाली आणण्यास कोणत्याही नव्या समितीची आवश्यकता नाही.