संसारोपयोगी शास्त्र : खेळतां खेळतां बंद पडणारा संगणक

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. घरांतील संगणक एरवीं तासन् तास निमूटपणें चालतो. परंतु मुलांनीं त्यावर एखादा मोठा चित्रमय खेळ मांडला, कीं अर्ध्या तासांत पडदा काळा होतो, किंवा निळ्या पडद्यावर न समजणारीं अक्षरें उमटतात, किंवा चित्र जागच्या जागीं थिजतें. एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं निवाड्यास विलंब लागत नाहीं. आजी म्हणतात, खेळाचेंच हें फळ. काका म्हणतात, पोरानें कांहींतरी भलतें उतरवून घेतलें. आणि दुरुस्ती करणारा यंत्र उघडण्यापूर्वींच सर्वांत महाग भागाचें नांव घेतो. या तीन निकालांपैकीं एकहि पुराव्यावर उभा नसतो. म्हणून या महिन्यांत आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रथम आजींच्या आक्षेपाचा विचार करूं. खेळ दोष उत्पन्न करीत नाहीं. बहुधा असलेला दोष तो उघड करितो. रहाटाचा दोर रिकाम्या पोहऱ्यानें तुटत नाहीं, भरलेला पोहरा वर येतांना तुटतो. म्हणून पाण्यास कोणी दोष देत नाहीं. पत्र लिहितांना जो संगणक शंभर वॅटांच्या आंत भागवितो, तोच खेळाच्या वेळीं तीनशें-चारशें वॅट ओढतो, त्याचे सर्व भाग एकदम तापतात, आणि जो भाग दुर्बळ असेल तो हार खातो.

काकांच्या आक्षेपास एक बोधप्रद उत्तर आहे. अमेरिकेंतील अरीनानेट या मंडळीनें २००५ सालीं ‘गिल्ड वॉर्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. तो बंद पडल्याच्या कांहीं तक्रारींचा उलगडा कर्त्यांस होईना, कारण तेथील लेखन तपासून निर्दोष ठरत होतें. तेव्हां माइक ओब्रायन यांनीं खेळाच्या पोटांतच एक परीक्षा घातली. खेळ चालू असतां संगणकानें प्रत्येक सेकंदास तीस ते पन्नास वेळां कांहीं गणितें करावीं आणि उत्तरें ठाऊक असलेल्या उत्तरांशीं ताडून पाहावीं, अशी ती योजना होती. निरोगी यंत्राचें उत्तर कधींच चुकूं नये. परंतु सुमारें शंभरांत एका यंत्राचें चुकलें! कारणें शोधतां अति उष्णता, तोकडा वीजपुरवठा आणि मर्यादेपलीकडे वाढविलेला वेग हीं निघालीं. खेळ निर्दोष आणि खेळणाराहि निर्दोष. दोष पेटींतील यंत्राचा, असेंहि घडतें.

मग तो ओळखावा कसा? यासाठीं नवी विद्या शोधण्याची गरज नाहीं. माधवनिदानाच्या आरंभींच रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. वैद्यानें रोग्यास जसें पाहावें, तसेंच गृहस्थानें या यंत्रास पाहावें.

हेतूंमध्यें पहिला धूळ. ती पंख्यांत व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांत बसते. प्रोसेसरवरील थर्मल पेस्टहि कालांतरानें सुकते. दुसरा हेतु हवा. आमचें सालवड बोईसरला लागून, पश्चिमेस समुद्र, आणि शेजारीं तारापूरची औद्योगिक वसाहत, जी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मोजणींत देशांत सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. खारट दमट हवेंत तांब्यापितळेचीं भांडीं कशीं कळकतात हें गृहिणींस सांगावयास नको. तीच कळा यंत्रांतील बारीक धातूच्या जोडांस येते. तिसरा हेतु वीज. देशांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र १९६९ सालीं तारापुरासच सुरू झालें, म्हणून आमच्या घरची वीज अखंड असावी, असें पाहुण्यांस वाटतें. परंतु तेथील वीज उच्च दाबानें दूरच्या जाळ्यांत जाते. घरीं येते ती जवळच्या रोहित्रांतून आणि पावसावाऱ्यांत हेलकावणाऱ्या तारांतून. तिच्या चढउताराचे तडाखे सर्वांत आधीं एसएमपीएस, म्हणजे यंत्रास वीज वांटून देणारा डबा, सोसतो.

आतां पूर्वरूप व रूप. खेळ आधीं अडखळूं लागला, पंखा घोंघावूं लागला आणि मग यंत्र बंद पडलें, तर उष्णतेचा संशय घ्यावा. कारण प्रोसेसर तापला म्हणजे स्वसंरक्षणार्थ प्रथम आपला वेग कमी करितो. कोणतीहि सूचना न देतां, दिवा फुंकावा तसें यंत्र विझलें, तर वीजपुरवठ्याकडे पाहावें. निळा पडदा दर वेळीं निराळेंच कारण सांगूं लागला, तर रॅम तपासावी. चित्रांत रंगीत चौकोन वा रेषा दिसल्या, तर ग्राफिक्स कार्डावर संशय जातो. खेळ उघडण्यास फार वेळ लागूं लागला व संचिका बिघडूं लागल्या, तर साठवणुकीची डिस्क पाहावी. परंतु हीं लक्षणें आहेत, निर्णय नव्हेत. एकच ताप अनेक रोगांत येतो.

निर्णय होतो तो उपशयानें. औषध देऊन रोग हटतो कीं नाहीं हें पाहून रोग ओळखावयाचा, ही ती रीति. तिचा नियम एकच: एका वेळीं एकच पालट. चार भाग एकदम बदलल्यास यंत्र सुधारेलहि, पण ज्ञान कांहीं होणार नाहीं, आणि तीन भागांचे पैसे व्यर्थ जातील.

आमच्याच कुटुंबांतील उदाहरण देतों. पुतण्याच्या मुलाचा संगणक गेल्या पावसाळ्यांत खेळाच्या वेळीं अकस्मात् विझूं लागला. एका दुकानदारानें ग्राफिक्स कार्ड गेलें असें सांगितलें. त्याची किंमत ऐकून घरांत असें ठरूं लागलें, कीं यंत्र विकून टाकावें म्हणजे मुलाचा नादहि सुटेल. त्याच यंत्रावर त्याचा अभियांत्रिकीचा अभ्यास चालतो, हें कोणी लक्षांत घेईना. मुलगाहि बोलेनासा झाला. आम्ही त्यास एक वही दिली आणि आठ दिवस प्रत्येक प्रसंग लिहावयास सांगितलें: वेळ कोणती, काय चालू होतें, उष्णता किती, शेवट कसा झाला. नोंदी अकरा झाल्या; सर्व खेळाच्या, अभ्यासाची एकहि नाहीं. उष्णता दर वेळीं मर्यादेंत होती. विंडोजच्या दप्तरांत दर वेळीं ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढीच नोंद. तिचा अर्थ यंत्र रीतसर बंद झालें नाहीं इतकाच. मृत्यूची नोंद व्हावी आणि कारणाचा रकाना कोरा राहावा, तसें तें होतें.

मग एकेक पालट केला. एक्स्टेन्शन बोर्ड काढून तार सरळ भिंतींतील सॉकेटांत घातली, फरक नाहीं. रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅम तपासली. एकहि चूक नाहीं. ग्राफिक्स कार्ड एका मित्राच्या यंत्रांत बसविलें; दोन संध्याकाळ तें बिनतक्रार चाललें. शेवटीं त्याच मित्राचा एसएमपीएस आमच्या यंत्रास जोडला. चार दिवस यंत्र एकदांहि विझलें नाहीं. आम्ही जुना एसएमपीएस पुन्हां लावावयास सांगितला, तेव्हां मुलगा म्हणाला, “आजोबा, चालतंय ना आतां? मग जुना परत कशाला?” आम्ही म्हणालों, “बाळ, चालतें एवढ्यानें सिद्ध होत नाहीं. काढल्यानें दोष जातो आणि लावल्यानें येतो, हीं दोन्ही दिसलीं पाहिजेत.” जुना लावला, आणि त्याच संध्याकाळीं यंत्र विझलें. तर्कशास्त्रांत यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात; अन्वय असून व्यतिरेक न पाहिल्यास तो काकतालीय योगहि असूं शकेल. नव्या एसएमपीएसची किंमत कार्डाच्या किंमतीच्या कांहीं अंशानेंच पडली, आणि विक्रीची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

संप्राप्ति म्हणजे हेतूपासून रूपापर्यंत रोग कोणत्या मार्गानें आला तें. हा मार्ग वांकडा असूं शकतो. इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांवर खेळ बंद पडतांना ‘चित्रांच्या स्मृतींत जागा नाहीं’ असा संदेश येई. अर्थातच संशय कार्डावर जाई. प्रोसेसर स्वतःसाठीं अधिक दाबाची वीज मागून हळूहळू झिजत होता, असें कंपनीनें २०२४ सालीं मान्य केलें, नवी अंतर्गत आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. ज्यांचेकडे या पिढीचा प्रोसेसर आहे त्यांनीं मदरबोर्डाचें बायॉस अद्ययावत् करून घ्यावें. मात्र आधींच झिजलेला प्रोसेसर त्यानें पूर्ववत् होत नाहीं.

कांहीं पथ्यें सांगून पुरें करितों. परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं महत्त्वाच्या संचिकांची दुसरीकडे प्रत करून ठेवावी. वेग वाढविण्याच्या योजना, रॅमचें एक्सएमपी धरून, प्रथम बंद करून पाहाव्या. हा उपाय फुकट आहे. पेटी उघडण्यापूर्वीं तार भिंतींतून काढावी व हात पेटीच्या धातूस लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी. धूळ फुंकतांना पंखा बोटानें धरून ठेवावा. एसएमपीएसचा डबा मात्र घरीं कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि आंत प्राणघातक वीज साठून राहते. एका बनावटीच्या एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्यास जोडूं नयेत. टोकें सारखीं दिसलीं तरी आंतील जोडणी भिन्न असते आणि भाग जळतात. पेटीस हात लावतां झिणझिण्या आल्या, तर तो अर्थिंगचा दोष समजून वायरमनला बोलवावें. तें संगणकाच्या दुरुस्तीहून अधिक निकडीचें आहे.

आणि वडील मंडळींस एक विनंति. वही मुलाच्याच हातीं द्यावी. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेंच पुरावा गोळा केला, म्हणजे यंत्र तर सुधारतेंच. शिवाय कारण कसें शोधावें हें तो शिकतो, आणि घरांतल्यांस त्याच्याशीं बोलावयास एक विषय मिळतो.