थांबू, पण बांधून ठेवू नका

माझी मुलगी अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्यासाठी, ज्या रांगेत उभी आहे, ती रांग शिक्षणावरून लागत नाही आणि पगारावरूनही लागत नाही. माणूस कुठल्या देशात जन्मला, यावरून ती लागते. माझी मुलगी 1984 साली माझ्या माहेरी जन्मली, टाकळी ढोकेश्वरजवळच्या एका वाडीवर, घरातच, सुईणीच्या हातून. उद्या तिनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तरी या रांगेपुरती ती भारतात जन्मलेलीच राहील आणि भारतीयांच्याच रांगेत उभी असेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. पारनेरात मला अजून सगळे बाई म्हणतात. भाजी घेताना, एसटी स्टँडवर, बँकेत कुणी ना कुणी विचारतंच, ‘बाई, ताईचं कार्ड आलं का?’ विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. पण त्याला वाटतं, कागदपत्रांत काही तरी अडलं असणार, किंवा पोरगी कुठं तरी कमी पडली असणार. तसं काहीही नाही. आता पारनेर तालुक्यातल्या वाडीवस्तीवरूनही मुलं तिकडे जातात, त्यांच्या आईवडिलांना हा प्रकार नीट कळायला हवा.

ती टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात शिकली, पुढे पुण्यात इंजिनिअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली. 2012 मध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन अमेरिकेला गेली. तिच्या कंपनीनं तिच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली. आधी कंपनीला तिथल्या कामगार खात्यापुढे दाखवावं लागतं, की या जागेसाठी जाहिरात दिली आणि योग्य स्थानिक माणूस मिळाला नाही. याला सगळे ‘पर्म’ म्हणतात. तो अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे माणसाचा रांगेतला नंबर, प्रायॉरिटी डेट. तिची 2015 मधली आहे. मग कंपनीचा दुसरा अर्ज, आय-140. तोही मंजूर झाला. म्हणजे अमेरिकेच्या सरकारनंच सांगितलं, की ही बाई पात्र आहे आणि आम्हाला हवी आहे. त्यानंतर दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन निघतं, त्यातली तारीख आपल्या तारखेपर्यंत पोचली की शेवटचा अर्ज करायचा. ऑक्टोबर 2025 च्या बुलेटिनमध्ये तिच्या वर्गासाठी, म्हणजे नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कार्डांतल्या ईबी-2 साठी, भारतीयांची तारीख होती 1 एप्रिल 2013. ही तारीख पुढेच सरकते असंही नाही. कधी कधी एका महिन्यात ती वर्षभर मागे जाते.

असं का होतं? 1990 च्या कायद्यानं नोकरीच्या आधारे द्यायच्या कार्डांची संख्या वर्षाला 1 लाख 40 हजार ठरवली. त्यात कर्मचाऱ्याचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. वर कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत. चार लाख वस्तीच्या आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. ईबी-2 वर्गात भारताचा हक्काचा वाटा वर्षाला तीन हजारांच्याही आत येतो. इतर देशांनी न वापरलेली काही कार्डं वरून मिळतात, त्यावर ही रांग रखडत पुढे जाते. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटनं 2023 मध्ये हिशेब मांडला. रांगेत 18 लाख माणसं, त्यांतली 11 लाख भारतीय. आणि त्या वेळी जो भारतीय नव्यानं रांगेत येईल, त्याची वाट पाहण्याची मुदत 134 वर्षं. रांगेतली चार लाखांवर माणसं कार्ड मिळण्याआधीच मरण पावतील, असंही त्यांनी लिहिलं.

हे आकडे मुलीनं मला फोनवर सांगितले, तेव्हा मी वहीत लिहून घेतले. पण माझी तक्रार वाट पाहण्याबद्दल नाही. वाट पाहणं पारनेरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या तालुक्यात पावसाची वाट पाहतच माणसं म्हातारी झाली. माझी तक्रार आहे ती या मधल्या वर्षांत माणसाला एका मालकाशी बांधून ठेवण्याबद्दल.

एच-1बी मुळात सहा वर्षांचा. आय-140 मंजूर असेल तर पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो, पण ती वाढ कंपनीनं मागायची असते. मुलीनं दुसरीकडे जायचं ठरवलं, तर नंबर जुना राहतो खरा, मात्र पर्म आणि आय-140 नव्या कंपनीनं पहिल्यापासून करायचं. नवी कंपनी म्हणते, आधी एक वर्ष काम करा, मग बघू. त्याच कंपनीत वरच्या पदावर जायचं म्हटलं, तरी काम बदललं म्हणून वकील नव्यानं पर्म सांगतात. दोनदा बढती समोर आली आणि दोन्ही वेळा तिनं नको म्हटलं. नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत नवी कंपनी शोधायची, नाहीतर घर, गाडी, मुलांच्या शाळा सोडून देश सोडायचा. जावयांची नोकरीची परवानगीही तिच्याच व्हिसावर अवलंबून. 19 सप्टेंबर 2025 ला एच-1बीवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. सुटीवर भारतात आलेली माणसं त्या रात्री विमानतळांकडे धावली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, की हे फक्त नव्या अर्जांना लागू. तोवर किती घरांत चूल पेटली नसेल.

माझे सासरे मुंबईला मशीद बंदरात हमाली करायचे. पारनेर तालुक्यातल्या किती घरांत हीच कहाणी आहे, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. सुरुवातीच्या काळात मुकादम म्हणेल तेच काम, तो देईल तीच मजुरी. त्याच्याशी बिनसलं की दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद. मग अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याचं मोठेपण मला सासऱ्यांनी सांगितलं होतं, ते असं, की कामगाराची नोंदणी मालकाकडे नाही, मंडळाकडे झाली. मजुरी मंडळातून, भविष्य निर्वाह निधी मंडळातून. एका व्यापाऱ्याकडचं काम सुटलं, म्हणून माणसाची नोंद पुसली जात नव्हती. सासरे चौथी शिकलेले. त्यांची नात इंजिनिअर. आणि सासऱ्यांना वयाच्या पस्तिशीत जी मोकळीक मिळाली, ती नातीला चाळिशी उलटली तरी नाही. माझ्या मनाला लागतं ते हे.

या बांधणीची किंमत किती असते, ते मला मे 2021 मध्ये कळलं. माझे पती कोरोनानं नगरच्या दवाखान्यात गेले. मुलगी पहिल्या विमानानं यायला निघाली होती. पण तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. तिकडे राहायला त्याची गरज नसते, पण बाहेर पडलं, तर नव्या शिक्क्याशिवाय परत आत जाता येत नाही, आणि मुंबईच्या वकिलातीत त्या दिवसांत नेहमीच्या मुलाखती बंद होत्या. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना शिक्का लागत नाही. भारतातून येणाऱ्या प्रवाशांवर 4 मेपासून घातलेल्या बंदीतूनही त्यांना सूट होती. माझी मुलगी आली असती, तर नोकरी तिकडे, मुलं तिकडे आणि ती पारनेरात, किती महिने ते कुणी सांगू शकत नव्हतं. मीच तिला म्हणाले, येऊ नकोस. दहावा तिनं मोबाइलवर पाहिला. ती मंजूर अर्जदार होती, तिथं कर भरत होती, तिच्या वागण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तरीही वडिलांना शेवटचं पाहायला तिला आपली सगळी घडी मोडून यावं लागलं असतं.

आता दुसरी काळजी नातवाची. 2009 मध्ये तो इथंच जन्मला. 2030 मध्ये तो एकवीस वर्षांचा होईल. तोवर आईचा नंबर लागला नाही, तर आईच्या अर्जातून त्याचं नाव गळेल. 2002 चा एक कायदा वय मोजताना थोडी सवलत देतो, पण इतक्या लांबलेल्या रांगेत ती पुरत नाही. त्याची धाकटी बहीण तिकडे जन्मली, ती जन्मापासून अमेरिकन. एका ताटात जेवणारी दोन भावंडं. एकीला देश आहे आणि दुसऱ्याला, तीन वर्षांचा असल्यापासून तिथं वाढूनही, परदेशी विद्यार्थी म्हणून नव्यानं व्हिसा मागावा लागेल. अशा मुलांसाठी ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ नावाचं विधेयक 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये तिथल्या संसदेत आलं. कायदा काही झाला नाही.

देशनिहाय मर्यादा काढून टाका, ही मागणी जुनी आहे. 2019 मध्ये प्रतिनिधिगृहानं ती 365 विरुद्ध 65 मतांनी मान्य केली. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनंही आपल्या पद्धतीचं विधेयक संमत केलं. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं वाहून गेलं. ती मागणी न्यायाचीच आहे. पण कार्डांची संख्या तीच राहिली, तर आमची मुलं पुढे सरकतील आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या आईची मुलं मागे जातील, हेही मला दिसतं. म्हणून मी त्याहून लहान गोष्ट मागते. आय-140 मंजूर झाला आणि ठरावीक काळ गेला, की शेवटचा अर्ज दाखल करून घ्या. कार्ड नंबर लागेल तेव्हाच द्या. हा अर्ज दाखल असला, की सहा महिन्यांनी त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं, पर्म नव्यानं करावं लागत नाही. जोडीदाराला स्वतःची काम करायची परवानगी मिळते. प्रवासाची परवानगी मिळते, शिक्क्यासाठी वकिलातीच्या दारात जावं लागत नाही. यात कुणाचंही कार्ड कमी होत नाही आणि कुणी कुणाच्या पुढे जात नाही.

हे अशक्य नाही, कारण एकदा घडलेलं आहे. जुलै 2007 च्या बुलेटिननं नोकरीच्या जवळजवळ सगळ्या वर्गांना अर्ज करायची मुभा दिली. लोकांनी धावपळ करून कागद जमवले, वैद्यकीय तपासण्या केल्या, आणि 2 जुलैला मुभा मागे घेतली गेली. तेव्हा रांगेतल्या भारतीयांनी इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झालं नव्हतं, ती गांधीगिरी तिथून घेतलेली. खात्यानं ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवली. आणि 17 जुलैला जाहीर केलं, की अर्ज स्वीकारू. त्या उन्हाळ्यात अर्ज केलेल्यांतल्या कित्येकांना पुढे बरीच वर्षं कार्ड मिळालं नाही. पण त्या वर्षांत त्यांनी नोकऱ्या बदलल्या, बढत्या घेतल्या, आईवडिलांना भेटायला आले आणि परत गेले. माझ्या मुलीच्या ओळखीत अशी माणसं आहेत. अमेरिकेवर त्यामुळे कुठलं संकट आलं नाही.

इथं काही जण म्हणतात, ‘एवढा त्रास आहे तर परत यावं.’ ती परत आली तर मला आनंदच होईल, घर रिकामं आहे. पण तेरा-चौदा वर्षांचं काम, मुलांचं शिक्षण, तिथली माणसं सोडायची की नाही, हे तिनं ठरवायचं, मी किंवा पेठेतल्या कुणी नाही. काही जण म्हणतात, ‘त्यांचा देश, त्यांचे नियम.’ किती माणसं घ्यायची, हे त्यांनीच ठरवावं, मला पूर्ण मान्य. पण ज्या माणसाला तुम्ही पात्र ठरवलं, ज्याच्याकडून दहा-दहा वर्षं काम आणि कर घेतला, त्याला एका मालकाच्या मर्जीवर ठेवणं हे कुठल्याच देशाला शोभत नाही.

शेवटच्या अर्जाला जन्माचा दाखला लागतो. गावच्या नोंदवहीत तिच्या जन्माची तारीख होती, वडिलांचं नाव होतं, लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ होतं. मुलीच्या नावाचा रकाना कोरा. वाडीवरच्या मुलींच्या नोंदी त्या काळी अशाच असायच्या. ग्रामसेवकांनी नियमानं नाव लावून दिलं, मी आणि माझ्या भावजयीनं प्रतिज्ञापत्रं केली, इंग्रजी प्रत तयार झाली. तालुक्यातल्या ज्यांची मुलं-मुली तिकडे आहेत त्यांनी हे काम आत्ताच करून ठेवावं, सुईण आणि साक्षीदार हयात आहेत तोवर. आणि जी मुलं आता कर्ज काढून तिकडे शिकायला निघाली आहेत, त्यांच्या आईबापांनी सही करण्याआधी व्हिसा बुलेटिन एकदा वाचून घ्यावं. ते दर महिन्याला सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतं.

आपल्या सरकारनं अमेरिकेशी बोलताना एच-1बीची संख्या हा एकच विषय धरू नये. आधीच तिथं असलेल्या आणि मंजूर झालेल्या माणसांचा शेवटचा अर्ज दाखल करून घेण्याचा प्रश्नही पुढे करावा. आमच्या तालुक्यातले नीलेश लंके आता दिल्लीत खासदार आहेत. त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना लोकसभेत विचारावं, की व्यापाराच्या बोलण्यांत हा मुद्दा आजवर किती वेळा मांडला आणि एकवीस वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलांबद्दल आपण काय मागितलं. त्यांच्यासाठी मी सगळ्या माहितीचं एक निवेदन मराठीत लिहून तयार ठेवलं आहे. ज्यांची मुलं या रांगेत आहेत, त्यांनी त्या निवेदनावर सह्या करायला यावं.