स्वस्त खोलीचा खरा हिशेब

मार्केट यार्डातील व्यापारी मालाची किंमत केवळ खरेदीच्या भावावरून कधीच ठरवीत नाही. गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि वाटेतील घट धरून माल दुकानात येईपर्यंत कितीला पडला, हे पाहिल्यावरच तो विक्रीचा भाव सांगतो. मात्र हाच व्यापारी परदेशातील हॉटेलची खोली निवडताना मोबाईलवरील सर्वांत कमी आकडा पाहतो आणि पैसे भरून मोकळा होतो.

पुण्यातील अशाच एका कुटुंबाने डिसेंबर २०२५ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, चार रात्रींसाठी पॅरिस गाठले. पती-पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेल्या आई. आईंची नवकारसी आणि चौविहार कित्येक वर्षांत चुकलेले नव्हते. शहराच्या मध्यभागी साध्या हॉटेलच्या दोन खोल्यांना रात्रीचे २१० युरो पडत होते; दूरच्या उपनगरात तशाच खोल्या १८० युरोंत मिळाल्या. चार रात्रींत १२० युरो वाचले, या समाधानात कुटुंब विमानात बसले.

हिशेबात धरायचा राहिला होता तो सूर्य. पॅरिसमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य पहाटे पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या आसपास मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचला काही मिनिटे असतानाच मावळतो. म्हणजे दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारसी तेथे साडेनऊला येते. हॉटेलची न्याहारी साडेनऊलाच बंद होत होती. पहिल्या सकाळी आई भोजनकक्षात पोहोचल्या तेव्हा टेबले पुसली जात होती. सूनबाईंनी विनंती करून एक केळे आणि पाव मिळवला.

संध्याकाळी त्याहून कठीण प्रसंग आला. बाहेर खाण्याजोगे फारसे काही नव्हते. तळलेले बटाटे कंदमूळ म्हणून वर्ज्य, सूपमध्ये कांदा, आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट. डबा खोलीवर होता, कारण चार-पाच अंशांच्या थंडीत उघड्यावर बसून जेवणे आईंना झेपणारे नव्हते. खोली पाऊण तासाच्या अंतरावर. चारला निघूनही एक गाडी चुकली आणि उपनगराच्या स्थानकावर उतरेपर्यंत दिवे लागले होते. आईंनी डब्याचे झाकणही उघडले नाही. त्या रात्री त्या पाणीसुद्धा न घेता झोपल्या. कोणी कोणाला काही बोलले नाही; मुलाने मात्र आजीचे पांघरूण दोनदा नीट केले.

पुढील तीन दिवस सर्वांनी दुपारी खोलीवर परतायचे, आईंचे जेवण उरकायचे आणि रोषणाई पाहण्यासाठी पुन्हा शहरात जायचे, असा क्रम ठरला. २०२५ मध्ये पॅरिस परिसरात विमानतळाचा प्रवास वगळता मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचे एकेरी तिकीट सरसकट २.५० युरो होते. चौघांच्या दोन जादा फेऱ्या म्हणजे रोजचे २० युरो, तीन दिवसांचे ६०. वाचलेल्या १२० युरोंपैकी निम्मे असे गेले. शिवाय रोज दीड तास, म्हणजे एकूण साडेचार तास, रेल्वेत गेले. तेही जिथे चार दिवसांत मिळून अवघे तेहेतीस तास सूर्यप्रकाश होता. उरली सहा हजार रुपयांच्या आसपासची बचत आणि आईंची एक उपाशी रात्र.

यात हॉटेलचा दोष म्हणावा असे काही नाही. पुण्यात हॉटेल म्हटले की चहा-नाश्ता आणि जेवण डोळ्यांसमोर येते. युरोपातील स्वस्त हॉटेल हे केवळ निजण्याचे ठिकाण असते. फ्रान्समध्ये दोन तारांच्या हॉटेलात दोघांच्या खोलीला ९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९७ चौरस फूट जागा नियमाने पुरते. पालिताण्याच्या धर्मशाळेत राहिलेल्या माणसाला लहान खोलीचे दुःख नसते. धर्मशाळेत खोली साधी असली, तरी उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण गृहीतच असते. युरोपात यातील प्रत्येक गोष्ट आधी विचारून घ्यावी लागते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला ई-मेलने चार प्रश्न विचारावेत. न्याहारी किती वाजेपर्यंत मिळते? खोलीत पाणी उकळण्याची किटली आहे का? लिफ्ट आहे का? जवळचे स्थानक पायी किती मिनिटांवर आहे? किटली नसल्यास घरची नेता येते, कारण तेथील वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे. मात्र तीही वापरण्यास परवानगी आहे का, हे विचारावे. खोलीत फोडणी देऊ नये. धुराची घंटा वाजते आणि मागून येणाऱ्या भारतीय पाहुण्यांचे नाव खराब होते. स्वयंपाक करायचाच असेल, तर ओटा असलेली अपार्टमेंट पद्धतीची खोली घ्यावी. खाखरे आणि मुगाची डाळ सोबत न्यावी. तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवावेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे.

हिशेबाच्या आणखी तीन बाबी. बहुतेक शहरांत खोलीच्या भाड्याखेरीज पर्यटक कर द्यावा लागतो. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तो २०२४ पासून भाड्याच्या १२.५ टक्के आहे. परतावा न मिळणारी खोली स्वस्त दिसते, पण व्हिसा हाती येण्यापूर्वी ती घेणे म्हणजे हुंडी वटण्याआधीच रक्कम खर्ची टाकणे होय. आणि कार्डाच्या यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरोच निवडावेत. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर समोरच्याच्या सोयीचा लागतो.

ते कुटुंब येत्या मे महिन्यात अ‍ॅम्स्टरडॅमला जाणार आहे. तेथे त्या दिवसांत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तरीही चिरंजीवांनी या वेळी वहीच्या पहिल्या ओळीत सूर्योदय-सूर्यास्त लिहिले, दुसऱ्या ओळीत न्याहारीची वेळ, तिसऱ्या ओळीत स्थानकापर्यंतची मिनिटे. भाडे चौथ्या ओळीत आले. आईंनी वही पाहिली आणि खाखऱ्यांसाठी गहू निवडायला घेतले.