वाडीतला मुक्काम आणि वाडीचे भवितव्य

वसई : समुद्रकिनाऱ्यालगतच्या बागेत दोन-तीन दिवस मुक्काम ठोकावा, रोज सकाळी एका दिशेला बाहेर पडावे आणि सायंकाळी पुन्हा त्याच बागेत परतावे, ही पर्यटनाची पद्धत पाश्चात्य देशांत चांगलीच रुळली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा सोनोमा परगणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. द्राक्षमळ्यांच्या परिसरातील लाकडी खोलीत राहायचे आणि दिवसा पॅसिफिकचा किनारा पाहायचा, असा तेथील बेत असतो. पालघर जिल्ह्याला निसर्गाने आणि इतिहासाने अशा पर्यटनाची सारी सामग्री दिली आहे. मात्र ज्या वाडीच्या आधारावर हे पर्यटन उभे राहायचे, ती वाडीच टिकणार आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात वाइन म्हटले की नाशिकचे नाव पुढे येते. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर तेथे वाइननिर्मितीबरोबरच मळ्यातील पर्यटनही वाढले. पण नाशिकला समुद्र नाही. समुद्र आणि वाइन हा संयोग राज्यात आढळतो तो डहाणू तालुक्यातील बोर्डीला आणि तोही द्राक्षांचा नव्हे, तर चिकूचा! बोर्डीच्या हिल झिल वाइन्स या कंपनीने चिकूपासून वाइन तयार करून ती 'फ्रुझान्ते' या नावाने बाजारात आणली. यामागचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. पिकलेला चिकू जेमतेम काही दिवस टिकतो. माल एकदम आला की भाव कोसळतो आणि वाहतुकीत नासाडी होते ती वेगळीच. बी पोखरणारी अळी आणि पावसाळ्यातील बुरशी यांनी बागायतदार आधीच जेरीस आला आहे. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नाव झाले. परंतु नासणारे फळ टिकाऊ मालात बदलले तरच त्या नावाचा पैसा होतो. वाइन, चिप्स आणि पावडर हे त्यातलेच मार्ग. बागेत पाहुणे ठेवणे हाही तसाच एक मार्ग आहे, कारण पाहुणा फळाबरोबर झाडाच्या सावलीचेही मोल देतो.

एका मुक्कामातून दहा वाटा

बोर्डी-घोलवडच्या बागेत मुक्काम केला तर दिवसाभरात जाऊन येण्याजोगी ठिकाणे थोडी नाहीत. इराणशाह हा पवित्र अग्नी पारशी समाजाने ज्या बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे सांभाळला असे परंपरा सांगते, तो डोंगर येथून जवळ आहे. आणि हा अग्नी आज ज्या उदवाड्यात आहे, ते गावही राज्याची हद्द ओलांडताच गाठता येते. डहाणूची महालक्ष्मी, महामार्गालगतचा आशेरीगड, जिवा सोमा म्हसे यांनी ज्याचे नाव वारली चित्रकलेद्वारे जगभर नेले ते गंजाड, आणि थोडा अधिक प्रवास करण्याची तयारी असेल तर जव्हारचा राजवाडा व दाभोसा धबधबा, असा हा पसारा आहे.

दक्षिणेकडे वसईच्या पश्चिम पट्ट्यात निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, नंदाखाल या गावांतील वाडीत उतरले तर अंतरे आणखी कमी होतात. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला, वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग, विरारची जीवदानी आणि तुंगारेश्वरचे अभयारण्य ही सर्व ठिकाणे एकेका दिवसात पाहून होतात. सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडा पुढे १९५६ साली भुईगावातही मिळाला. प्राचीन बंदराच्या खुणा आणि केळीची बाग एकाच सकाळी पाहायला मिळावीत, असे मुंबईजवळ दुसरे ठिकाण नाही.

दळणवळणही सुधारले आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये विरार आणि सफाळ्याजवळील जलसार यांना जोडणारी रो-रो सेवाही चालू झाली. पूर्वी विरारहून मोटारीने सफाळे-केळवे गाठायचे तर महामार्गाने मोठा वळसा घालावा लागे. आता वैतरणा खाडी ओलांडली की पलीकडचा किनारा समोर येतो. त्यामुळे वसईत मुक्काम करून केळव्याचा किनारा पाहून येणे हा एका दिवसाचा सहज बेत झाला आहे.

पैसा कोणाच्या पदरात?

अशा पर्यटनाचा लाभ नेमका कोणाला होतो, हे येथे तपासले पाहिजे. रिसॉर्टमध्ये उतरलेला पर्यटक सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा पैसा एकाच गल्ल्यावर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी परततो. वाडीत राहून आसपास फिरणारा पर्यटक मात्र रिक्षावाल्याला, होडीवाल्या कोळ्याला, वारली चित्रकाराला, खानावळ चालवणाऱ्या बचत गटाला थोडे थोडे देत जातो. गावाच्या दृष्टीने दुसरा पाहुणा अधिक मोलाचा. असे असूनही किनारपट्टीवर प्रत्यक्षात वाढली आहेत ती पहिल्या प्रकारची ठिकाणे. 'फार्महाऊस' या नावाखाली तरणतलाव असलेले बंगले उभे राहतात, आठवड्याच्या अखेरीस कर्कश संगीत चालते आणि पाणी शेजारच्याच विहिरीच्या झऱ्यातून उपसले जाते. त्यात शेती कोठेच नसते.

राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतकऱ्याच्या केंद्राची नोंदणी व्हावी आणि त्या प्रमाणपत्राच्या आधारे त्याला कर्ज मिळावे, अशी दिशा त्यात आहे. ती योग्यच आहे. परंतु हे धोरण ग्रामीण महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. वसईची स्थिती निराळी आहे. चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून जुलै २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली. गावे वगळावीत यासाठी मोठे आंदोलन झाले, २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २०२४ साली ही गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय झाला. म्हणजे कागदावर शहर आणि प्रत्यक्षात वाडी, अशी ही गावे आहेत. शहरात बसणारी जमीन विकासकाला खुणावते. वाडीवाल्याच्या पुढच्या पिढीने केळी आणि पानवेल सांभाळत बसावे, ही अपेक्षा केवळ भावनेच्या बळावर किती काळ टिकणार?

वसईला हा प्रश्न नवा नाही. १९९० साली सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली, त्या काळातच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला होता. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाणे आणि उरलेले पाणी खारे होणे, ही त्या लढ्यामागची व्यथा होती. दिब्रिटो यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. त्यांनी दिलेले इशारे मात्र कालबाह्य झालेले नाहीत. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली आणि वीज गेली, तेव्हा पाणी मुरण्याची व वाहून जाण्याची जागा बुजवल्याची किंमत सर्वांनीच मोजली. राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी आज वसईतही शोधावी लागतात, हेही त्याच कहाणीचे एक पान आहे.

उत्तरेला डहाणूत कायद्याचे कवच होते. केंद्राने जून १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला आणि जुलै २०२३ मध्ये मात्र मंजुरी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या बंदराला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. बंदराचे समर्थक रोजगाराची आशा दाखवतात, तर मच्छीमार आपल्या मासेमारीच्या जागा जाण्याची भीती व्यक्त करतात. एक गोष्ट मात्र उघड आहे. बंदराबरोबर रस्ते, गोदामे आणि वस्ती येणार आणि चिकूच्या बागेपुढे तोच प्रश्न उभा राहणार, जो वसईच्या वाडीपुढे तीन दशके उभा आहे.

शेजारी नव्हे, कॅलिफोर्नियाकडे पाहा

सोनोमातील मळे महानगराच्या इतक्या जवळ असूनही शिल्लक राहिले, त्यामागे केवळ वाइनची कीर्ती नाही. कॅलिफोर्नियाने १९६५ साली केलेल्या कायद्यानुसार जमीनमालक किमान दहा वर्षे जमीन शेतीखालीच ठेवण्याचा करार करतो आणि त्या बदल्यात त्याच्या जमिनीवरील कर तिच्या बाजारभावावर न ठरता शेतीच्या उत्पन्नावर ठरतो. किनाऱ्यावरील बांधकामावर देखरेख करण्यासाठी तेथील मतदारांनी १९७२ साली स्वतंत्र आयोगच निर्माण केला. थोडक्यात, निसर्गसौंदर्य राखणाऱ्याला समाजाने त्याचा मोबदला दिला. आपल्याकडे सौंदर्य सर्वांचे आणि ते राखण्याचा भुर्दंड एकट्या बागायतदाराचा, असा व्यवहार आहे.

उपाय अवघड नाहीत. महापालिका हद्दीतील ज्या वाड्या प्रत्यक्ष लागवडीखाली आहेत त्यांना करात सवलत द्यावी, लागवड असेल तरच कृषी पर्यटनाची नोंदणी द्यावी आणि केवळ बंगला बांधणाऱ्याला ती नाकारावी. विहिरींच्या उपशावर नियंत्रण आणावे. स्थानक ते किनारा या शेवटच्या टप्प्यासाठी शनिवार-रविवारी बस सोडाव्यात. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर दुर्घटना झाली की बंदी हुकूम काढायचा आणि तेवढ्यावर थांबायचे, याऐवजी स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक व जीवरक्षक म्हणून नेमावे.

मुंबईकराला मोकळी हवा हवी आहे आणि तो त्यासाठी पैसे मोजायला तयार आहे, हे सिद्ध झाले आहे. त्या पैशाचा योग्य वाटा झाड राखणाऱ्याच्या हाती पडला तर वाडी टिकेल. अन्यथा पुढच्या पिढीतील पर्यटक येईल तो रो-रोने वेळेवर येईल, उतरेल आणि पाहील ते मागे सोडून आलेल्या इमारतींसारख्याच इमारती.