थंडीची चाहूल

पौषातल्या पहाटे कमाटी बागेत फिरावयास जावे, तर अंगावर शाल असूनही आपण कुडकुडतो. भोवतालची झाडे मात्र निमूटपणे उभी असतात. यावरून झाडांना थंडी कळत नाही, ती केवळ सोसतात, असा आपला समज होतो. तो चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर शेतीला घातकही आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्यांचे पातळ आवरण असते. गारठ्याने तूप थिजावे तसे ते घट्ट होऊ लागते. त्यासरशी कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात. हीच थंडीची वर्दी! ती पेशीकेंद्रापर्यंत पोहोचली, की एरवी स्वस्थ असलेली जनुके कामाला लागतात. मोहरीच्या कुळातील एका चिमुकल्या रोपात, या जनुकांना जागविणारे प्रथिन १९९७ साली ओळखले गेले. थंडी लागल्यापासून पाव तासातच त्याची जुळवाजुळव सुरू होते. मग पेशीत साखर साठते, आवरण पुन्हा लवचिक होते, आणि बाहेर बर्फ झाला तरी पेशी तग धरते.

मात्र या तयारीस काही दिवसांचा अवधी हवा. राय नावाचे गव्हासारखे धान्य एकाएकी गारठले, तर उणे ५ अंशांच्या सुमारास मरते. आधी सौम्य थंडीत राहिलेले तेच रोप उणे ३० अंशांपर्यंत जगते.

सर्वच झाडांना हे साधत नाही. केळ उष्ण प्रदेशातली; तिची वाढ थंडीने खुंटते. म्हणून जळगावकडील शेतकरी रात्री बागेस पाणी देतात, शेकोट्या पेटवितात. द्राक्षवेलीची गोष्ट निराळी. थंड देशांत ती पाने गाळून हिवाळा काढते. निफाडकडे मात्र ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होत असल्याने ऐन थंडीत तिच्या अंगावर घड असतात. तेथे दोष वेलीच्या दुबळेपणाचा नव्हे; आपणच तिला विसाव्याच्या दिवसांत कामाला लावले आहे.

म्हणून माझे मत असे, की झाडाला नाजूक म्हणण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणावा. जे तयारी करू शकते त्यास अवधी द्यावा; जे करू शकत नाही त्यास आसरा द्यावा. विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या बागेत एक तापमापक टांगून हिवाळाभर रोज पहाटेची नोंद ठेवू या. कोणते रोप केव्हा कोमेजले, हे त्या वहीतून कळेल. शेकोटी पेटविण्याची वेळ ओळखण्यास अशी वहीच उपयोगी पडते.