शिवा, नाचा, आंघोळ करा

मित्रांनो, स्वातंत्र्य चार दिवस भाड्यानं मिळतं. मी जाऊन बघून आलोय.

2025 च्या मार्चची 1 तारीख, शनिवार. आम्ही चौघं गोव्याला कार्निव्हल बघायला गेलो. चौघंही मुंबईच्या गोदीतले, ठेकेदाराच्या हजेरीवरचे, स्टीलच्या कॉईलींना साखळ्या घालणारे. डबल पाळ्या मारून सुट्टी पदरात पाडली आणि कोकणकन्येच्या जनरल डब्यात संडासाच्या दाराशी रात्र काढून सकाळी करमळीला उतरलो. अंग मोडून गेलेलं, पण डोकं हलकं. चार दिवस मुकादमाचा आवाज कानावर येणार नव्हता.

कार्निव्हलला तिकडं इंत्रूज म्हणतात. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ लागतो, त्याच्या आधीचा हा धिंगाणा. पूर्वी गल्लीगल्लीत पीठ, अंडी, रंगीत पाणी एकमेकांच्या टाळक्यात घालायचे. आता आपल्याला ठाऊक असलेली चित्ररथांची मिरवणूक नंतरची, पोर्तुगीज गेल्यावरची, 1965 ची. तिच्या पुढं राजा मोमो. त्याचं फर्मान सुटतं की खा, प्या, मजा करा. बाकी कुठल्या राजानं आपल्याला असलं फर्मान काढलंय?

खोटं कशाला बोलू, मी नाचलो. पुठ्ठ्याचा मुखवटा घेतला, तोंडाला बांधला आणि त्या ढोलताशात, त्या ट्रम्पेटात घुसलो. कोण कुणाचा विचारत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं माझ्या गालाला रंग फासला, एका परक्या बाईनं टाळी दिली. गोदीच्या गेटावर रोज खिसे तपासून घेणारा माणूस मी. इथं मला कुणी तपासत नव्हतं. बाबांनो, त्या दोन तासांत मला रडू आलं. मुखवट्याच्या आत आलं म्हणून कुणाला दिसलं नाही.

मग तो भेटला. मराठीच बोलणारा, आमच्याच वयाचा, कुठल्याशा बँकेत नोकरीला. गळ्यात गळा घालून नाचला. फेणीची बाटली काढली, एक घोट त्याचा, एक माझा, एक माझ्या दोस्ताचा. च्यायला, मला वाटलं, हेच ते! दमून फुटपाथवर बसलो. गाव कुठलं, करता काय, अशा गप्पा. आणि मग, सहज, अगदी सहज, आडनाव काय? दोस्तानं सांगितलं. वर जय भीमही घातला. बाटली माझ्या हातात होती, पाळी त्याची होती. मी पुढं केली. तो हसून म्हणाला, “राहू द्या, तुम्हीच संपवा.” आणि उठून गर्दीत गेला. शिवी नाही, भांडण नाही. उलट अर्धी बाटली फुकट पदरात.

‘निर्णयसिंधू’ नावाचा एक धर्मग्रंथ आहे, कमलाकर भट्टाचा, 1612 चा. त्यात धुळवडीचा विधी सांगितलाय. त्या दिवशी चांडाळाला शिवावं आणि आंघोळ करावी, म्हणजे पाप राहत नाही, रोगराई होत नाही. बघा काय डोकं आहे! शिवायला परवानगी आहे, पण ती त्यांच्या तब्येतीसाठी. आपण औषध. आणि आंघोळ त्याच ओळीत सांगून टाकलेली, म्हणजे विसरायला नको. तो बँकवाला हा ग्रंथ वाचून आला नव्हता. त्याला गरजच नाही.

आता आपल्याही अंगावरचा रंग बघू. आमच्यातलाच एक, चळवळीच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारा, गर्दीत पोरींच्या घोळक्यात मुद्दाम घुसला. रंग लावायचा बहाणा. एका पोरीनं त्याच्या कानाखाली वाजवली. आम्ही त्याला ओढून काढला, तर म्हणतो, “कार्निव्हल आहे ना यार, आज सगळं चालतं.” आज सगळं चालतं, हे ज्याला वाटतं तो त्या वेळेपुरता सवर्ण असतो. रात्रभर मी त्याच्याशी बोललो नाही. नंतरही त्यानं माफी मागितली ती माझी, त्या पोरीची नाही.

रविवारी मुरगावच्या बंदरात कोळशावर काम करणारा एक दोस्त आम्हाला साष्टीतल्या त्याच्या गावी घेऊन गेला. तिथं रथबिथ काही नव्हते. खेळ होता. वस्तीतली माणसं सोंगं घेतात, गातात, गावातल्या बड्या धेंडांची टर उडवतात. एकानं भाटकाराचं सोंग घेतलेलं. टोपी, काठी, पोट पुढं. पडलेला नारळ उचलणाऱ्या मुंडकाराला तो हिशेब विचारत होता, आणि हिशेब काही केल्या जुळत नव्हता. भाषा निम्मीच कळली, पण हसून पोट दुखलं. असला हिशेब आम्ही दर पगाराला ऐकतो.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा. घर त्याचं, खालची माती मालकाची. दोस्त म्हणाला, “माझा आजाही हेच सोंग करायचा. भाटकाराच्या अंगणातच. भाटकार वर बसून हसायचा आणि शेवटी पैसे-दारू द्यायचा. दुसऱ्या दिवशी आजा परत त्याच्याच बागेत नारळ उचलायला.” मी विचारलं, मग बदललं काय? म्हणाला, 1975 चा कायदा. मुंडकाराला घरातून हाकलता येत नाही, घराखालची जमीन विकत घेता येते. कित्येकांच्या केसी मामलतदाराकडं वर्षानुवर्षं लोंबकळतायत, पण त्यांच्या घराचा कागद झाला. “खेळ तोच आहे रे,” तो म्हणाला. “पण आता भाटकार हसत नाही.”

मला हे वाक्य परतीच्या गाडीत झोपू देईना. ज्याची टर उडवतो तोच बक्षिसी देत असेल तर ती टर त्याच्याच मालकीची. मोमोचं राज्यही तसलंच. खर्च सरकारचा, धंदा हॉटेलवाल्यांचा, बुधवारी सकाळी मुकुट परत पेटीत. मी असं म्हणत नाही की नाचू नका. मी परत नाचणार. नाचलो नसतो तर काय नाही मिळत ते कळलंच नसतं. पण घराचा कागद नाचून झाला नाही. तो कुणीतरी भांडून काढला, आणि अजून भांडतायत.

कानातला रंग आठवडाभर निघाला नाही. मुकादमानं विचारलं, “काय रे, लग्न झालं का कुणाचं?” त्याच्या त्या बोलण्यातच मला सगळं सोंग दिसलं. काठीच्या जागी मोबाईल, टोपीच्या जागी हेल्मेट, आणि न जुळणारा हिशेब. तर गड्यांनो, आपण असा खेळ बसवू या का? वस्तीत नको. ठेकेदाराच्या ऑफिससमोर, पगाराच्या दिवशी, आणि त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. ढोलकी कोण वाजवणार ते या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मुकादमाचं सोंग मी घेतो.