घर मालकाचे, कामगार कोणाचा?

घर हे कामाचे ठिकाण आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर संसदेने आजवर तुकड्यातुकड्यांनी दिले आहे. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरकामगारांचा समावेश झाला. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने तर राहते घरही कामाचे ठिकाण मानले. कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी यांचा विषय निघाला की मात्र तेच घर पुन्हा खासगी होते.

याची सर्वाधिक झळ मालकाकडेच राहणाऱ्यांना बसते. गुमला, सिमडेगा, खुंटीतून किंवा आसाम-बंगालच्या चहामळ्यांतून प्लेसमेंट एजन्सीमार्फत दिल्लीत आलेल्या मुलीची नोकरी सुटली की निवाराही सुटतो. चार घरची कामे करणाऱ्या बाईला एक घर सोडता येते, हिला तेही नाही. रात्री अकराला पाहुणे आले तरी चहा तिनेच करायचा. 'ती घरचीच आहे', हा मालकांचा नेहमीचा युक्तिवाद. पण घरच्या माणसाला रविवारी बाहेर पडायला परवानगी लागत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जून २०११ मधील १८९ व्या कराराने नेमके येथेच बोट ठेवले आहे: सलग चोवीस तासांची साप्ताहिक विश्रांती, त्या वेळेत घराबाहेर जाण्याची मुभा, ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क. जिनिव्हात भारताने बाजूने मत दिले. अनुमोदन अद्याप दिलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता अमलात आल्या, पण आंतरराज्य स्थलांतरितांसाठीच्या तरतुदी दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या आहेत. एका घरातील एकटी मुलगी त्यांत बसणार कशी?

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी, डेहराडूनमधील घरात महिलेला कोंडून ठेवल्याच्या आरोपाचा खटला रद्द करतानाच, स्वतंत्र कायद्याची गरज तपासण्यासाठी आंतरमंत्रालयीन समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. वास्तविक घरकामगारांच्या सेवाशर्तींचे खासगी विधेयक संसदेत १९५९ मध्येच आले होते. ल्यूटेन्स दिल्लीतील बंगल्यांमागेही नोकरांच्या खोल्या आहेत. या विषयावर सभागृहांत उत्साह का नसतो, याचे काहीसे उत्तर तेथे मिळावे.

दिल्ली सरकारने २०१४ मध्ये एजन्सींच्या नियमनाचा आदेश काढला, पण तो प्रशासकीय आदेशच. महाराष्ट्राचा २००८ चा कायदा कल्याण मंडळाचा, म्हणजे प्रामुख्याने लाभवाटपाचा. केंद्रीय कायदा आणायचा तर एजन्सीची सक्तीची नोंदणी, लेखी करार, मुलीच्याच नावे बँकेत जमा होणारे वेतन आणि आठवड्याची सुटी, एवढे त्यात हवेच. शिवाय तक्रार केल्याच्या रात्री तिने झोपायचे कोठे, हेही त्यात लिहिलेले असावे.